पंपावरची पीयूसी व्हॅन : पाईप किती आत गेला?

पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराची प्रदूषण तपासणी. महाराष्ट्रात तिचा दर दुचाकीला 50 रुपये, पेट्रोल-सीएनजी चारचाकीला 125, डिझेलला 150. पाच-दहा मिनिटांचं काम, आणि व्हॅन पंपाच्या कोपऱ्यात उभीच असते. दर आणि सोय यांबद्दल तक्रार नाही. तपासणीबद्दल मात्र आहे.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये मशिनचा पाईप निदान 30 सेंटिमीटर आत जायला हवा. नुसतं टोक अडकवलं की बाहेरची हवा मिसळते, प्रदूषक वायूंचे आकडे उतरतात आणि गाडी आरामात पास होते. पकडायचं कसं? मशिन चार वायूंचं असेल तर पडद्यावर कार्बन डायऑक्साइड बघा. इंजिन गरम असताना पेट्रोलवर तो 14-15 टक्के आणि ऑक्सिजन एक टक्क्याच्या आत असतो (सीएनजीवर कार्बन डायऑक्साइड 11-12). पेट्रोलवर कार्बन डायऑक्साइड 8 आणि ऑक्सिजन 10 दिसला, तर पाईप बाहेर आला आहे किंवा सायलेन्सरला भोक आहे.

बीएस-4 आणि बीएस-6 (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाचं सरकारी मानक) पेट्रोल कारला आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) 200 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 200 भाग, ही मर्यादा. त्यानंतर 2500 आरपीएमवर रेस धरून दुसरं माप घ्यायचं असतं : मोनॉक्साइड 0.2, लॅम्बडा (हवा आणि इंधनाचं प्रमाण बरोबर आहे का ते सांगणारा आकडा) 0.97 ते 1.03. हाच भाग घाईत गाळला जातो, आणि खरी माहिती इथेच मिळते. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 300 अंशांच्या पुढेच काम करतो, त्यामुळे रांगेत थंड झालेली धडधाकट गाडीही नापास होऊ शकते. आठ-दहा किलोमीटर चालवून थेट जा. थांबावं लागलंच तर आधी दोन मिनिटं रेस धरा.

दुचाकीत सायलेन्सर आखूड, म्हणून जोडनळी लागते. ती फार थोड्या व्हॅनमध्ये असते. आकडा जास्त आला तर तो काय सांगतो ते समजून घ्या. मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त : एअर फिल्टर तुंबलेला, चोक अडकलेला, कार्बोरेटरची सेटिंग बिघडलेली. फक्त हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय : प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची सेटिंग) तपासा. नापास झाल्यावर आयडलिंगचा स्क्रू फिरवून 'करून देतो' म्हणणारा भेटला, तर गाडी पुढे न्या.

डिझेलला पेडल झटक्यात पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात, तीही अनेकदा. बीएस-4 ला मर्यादा 1.62 प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना 2.45. इंजिन बिघडेल या भीतीने पेडल अर्धंच दाबलं की आकडा सुंदर येतो, पण त्याला अर्थ नसतो. शिवाय नायट्रोजनचे ऑक्साइड या तपासणीत मोजलेच जात नाहीत. ईजीआर (हे ऑक्साइड कमी करण्यासाठी थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून टाकलेली डिझेल गाडीही इथून हसत बाहेर पडते.

प्रमाणपत्र हातात आलं की नंबर प्लेटचा फोटो, इंधन आणि बीएस मानक तिथेच वाचा. बीएस-4 च्या जागी बीएस-3 पडलं असेल, तर मर्यादा सैल लागते आणि मुदत बारा महिन्यांऐवजी सहाच महिने मिळते.