सातताल, चोपता की ईगलनेस्ट? वसंतातल्या हिमालयात पक्षी बघायला कुठे जावं

मार्च ते मे या काळात गाइड घेऊन हिमालयात पक्षी बघायला जायचं म्हटलं की मुख्यतः तीन जागा पुढे येतात: कुमाऊंमधलं सातताल-पंगोट, गढवालमधलं चोपता-तुंगनाथ आणि अरुणाचलमधलं ईगलनेस्ट. जाहिरातीत तिन्हींपुढे प्रजातींचे भलेमोठे आकडे असतात. त्यावरून निवड करू नका. आधी आपल्या सुट्टीची तारीख बघा. हिवाळ्यात खाली उतरलेले कितीतरी पक्षी ऊन तापू लागलं की पुन्हा वर सरकतात आणि दक्षिणेकडचे पाहुणे त्याच सुमारास दाखल होतात. त्यामुळे एकाच दरीत महिन्याभराच्या अंतराने गेलात तर यादी बरीच बदललेली असते.

सुट्टी मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असेल तर सातताल. उंची साधारण १,३७० मीटर, म्हणजे थंडी बेताची आणि दम लागण्याचा प्रश्न नाही. हिवाळी पक्षी अजून पुरते गेलेले नसतात आणि स्वर्गीय नर्तकासारखे उन्हाळी पाहुणे यायला लागलेले असतात. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने सकाळी काठगोदाम, तिथून टॅक्सीने तासाभरात मुक्कामी. पहिल्यांदाच हिमालयात जाणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

साततालच्या ‘स्टुडिओ’चं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. झाडीतला ओढा, त्यातलं उथळ पाणी आणि समोर गप्प बसलेली माणसं, एवढंच ते आहे. पांढऱ्या गळ्याच्या लाफिंगथ्रशचा थवा कलकलाट करत उतरतो, पाणी उडवतो आणि निघून जातो. बहुतेक लोक तेवढ्यावर उठतात आणि तिथेच चुकतात. थवा गेल्यावर पाच-दहा मिनिटं शांत बसलात, तर ओल्या पाल्याखालून लाजरे पक्षी एकेक करून कडेला येतात, पंख भिजवतात, पुन्हा आत शिरतात. फोटोसाठी याहून सोयीची जागा शोधावी लागेल. मात्र चारही दिवस असं एका जागी लपून बसून काढलेत, तर पक्षी जंगलात कसा वावरतो ते कळणार नाही. म्हणून दोन रात्री सातताल आणि दोन पंगोट असा बेत मागा. पंगोट नैनितालपासून १५ किलोमीटरवर, २,००० मीटरच्या आसपास आहे. पुढे विनायकच्या बाजूला गवताळ, कड्यासारख्या उतारांवर चीर फेझंट राहतो. उजाडताना तो ओरडतो. आवाज कुठून आला ते धरायचं आणि रस्त्यावरूनच समोरचा उतार दुर्बिणीने इंच इंच तपासायचा. उशिरा पोहोचलात तर पक्षी गवतात बसलेला असतो आणि काही केल्या दिसत नाही.

कुमाऊंमध्ये मे महिना टाळावा. नैनितालची गर्दी आणि चिरपाइनच्या जंगलातल्या वणव्यांचा धूर, दोन्ही एकदमच येतात.

एप्रिलचा शेवट हातात असेल तर चोपता. इथे लोक येतात ते मोनाल या पक्ष्यासाठी. बर्फ वितळून मोकळ्या झालेल्या कुरणावर नर चोचीने माती उकरून कंद आणि किडे शोधत असतो. ऊन पडलं की पाठीवरचा हिरवा-जांभळा रंग पेटतो आणि तो उडाला की पाठीचा पांढरा पट्टा दिसतो. हिमकबूतरं आणि पिवळ्या चोचीचे चफ (कावळ्याच्या कुळातले पक्षी) याच उंचीवर भेटतात, आणि खालच्या जंगलात बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो. प्रजाती मोजायच्या असतील तर ही जागा तिन्हींत मागे आहे.

चोपता २,७०० मीटरच्या थोडं खाली, तुंगनाथ ३,६८० मीटर. मधली वाट साडेतीन किलोमीटरची, फरसबंद, पण चढ जवळजवळ हजार मीटरचा. ऋषिकेशहून दिवसभर गाडीत बसून रात्री पोहोचायचं आणि पहाटे वर चढायचं, असा कार्यक्रम सर्रास आखला जातो आणि डोकेदुखी, मळमळ घेऊन माणसं अर्ध्या वाटेवरून परततात. मधला एक पूर्ण दिवस मक्कू किंवा चोपत्याच्या जंगलात घालवा आणि तिसऱ्या दिवशी वर जा. दुपारी गारा पडतात, तेव्हा उजाडायच्या आत निघून अकराच्या आत उतरायला लागावं. मंदिराचे दरवाजे उघडले की यात्रेकरू आणि खेचरं सुरू होतात आणि मोनाल वाटेपासून लांब जातो.

ईगलनेस्टला एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत जावं. खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेया यांनी १९९५ मध्ये पाहिलेल्या आणि २००६ मध्ये नवी जात म्हणून वर्णन केलेल्या बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याचं हे घर. पक्षी इतका दुर्मीळ की वर्णनासाठीही तो मारला नाही. पकडून मोजमापं आणि फोटो घेतले, आणि सोडून दिला. इथलं सगळं बघणं एका कच्च्या जीपरस्त्यावर चालतं: लामा कॅम्प (२,३५० मीटर), खिंड (२,८०० मीटर), बोंपू (१,९४०), सेस्नी (१,२५०). एकाच रस्त्यावर उंचीचे इतके थर असल्याने विविधतेत बाकी दोन्ही जागा याच्या जवळपासही येत नाहीत. पण मुक्काम तंबूत, पाऊस कधीही, खालच्या भागात जळवा, आणि इनर लाइन परमिट (अरुणाचलमध्ये शिरायचा परवाना) आधी काढावं लागतं. गुवाहाटीहून जायला-यायला एकेक दिवस धरून नऊ-दहा दिवस नसतील तर हा विचार सोडा. शिवाय इथे पक्षी मिश्र थव्यांत येतात. दोन मिनिटांत पंधरा जातींचा थवा डोक्यावरून निघून जातो, आणि आवाजावरून ओळखणारा गाइड नसेल तर हाती काहीच लागत नाही. लहान पक्षी ओळखायचा सराव नसलेल्याला इथे पहिले दोन दिवस फार निराशेचे जातात.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) न्यावी. पहाटेच्या दाट जंगलात ती १०×४२ पेक्षा उजळ दिसते आणि हलणारा पक्षी चौकटीत लवकर सापडतो. फक्त चोपत्याच्या लांबच्या उतारांवर १०× कामाला येते.

पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. गटात किती जण? एका गाइडमागे सहाच्या वर नकोत. अरुंद पायवाटेवर सातवा माणूस पोहोचेपर्यंत पक्षी उडालेला असतो. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावता का? वसंत हा विणीचा काळ. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकला की नराला आपल्या हद्दीत दुसरा नर आल्यासारखं वाटतं. घरटं आणि चारा सोडून तो त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो, आणि हे रोज नव्या गटासाठी होत राहतं. लिओसिक्लाच्या मोजक्या जोड्यांच्या बाबतीत तर असं करणं अक्षम्य आहे. ‘हा पक्षी नक्की दाखवतो’ अशी हमी देणारा गाइड बहुधा याच आवाजाच्या भरवशावर बोलत असतो, तेव्हा हमी मिळाली की हा प्रश्न पुन्हा एकदा, स्पष्ट शब्दांत विचारा.