डेल्कोतलं इलेक्ट्रॉनिक किट: आठ महिने आणि तीन जळालेली मोड्यूलं

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, त्याच दिवशी डेल्कोतले (डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा) पॉइंट-कंडेन्सर, म्हणजे करंट तोडणारे जुने संपर्क, काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. आता मे संपत आलाय. एवढ्या काळात किटमधली तीन मोड्यूलं (पॉइंटच्या जागी करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेली, चौथं चालू आहे. तिसऱ्याला मी किट विकणाऱ्याला फोनवर नको ते बोललो. नंतर मीटर हातात घेतला आणि त्याला परत फोन करून माफी मागावी लागली.

गाडी वडिलांच्या वेळची, महिंद्राची एफसी १५०, पेट्रोलवाली. तोंड चपटं, बोनेट नाहीच. इंजिन दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली. चार सिलिंडरचं हरिकेन, ठिणगीचा क्रम १-३-४-२. डेल्कोचं काम निघालं की आपल्याच सीटवर बसून पेटी उघडायची, पावसात भिजणं नाही. पण त्या पेटीत उन्हाळ्यात जी भट्टी पेटते ती आमच्या खान्देशातल्यांनाच कळेल. बाहेर ४४ अंश, आत किती ते मोजायला गेलो नाही.

पॉइंटचा कंटाळा आला होता म्हणून किट घेतलं. महिन्या-दीड महिन्यानं पॉलिश पेपर मारा, फिलर गेजनं अर्धा मिलिमीटर गॅप लावा, टायमिंग सरकलं तर परत दिवा लावून बघा. किटमध्ये घासणारं काही नाही. कॅमवर चार चुंबकांचं कडं बसतं, शेजारी मोड्यूल, चुंबक समोरून गेला की आतला हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) कॉइलचा करंट तोडतो, आणि त्याच क्षणी कॉइल प्लगसाठी मोठ्या व्होल्टेजची ठिणगी काढते. फरक पहिल्याच थंडीत दिसला. पहाटे सगळीकडे धुकं, अंगावर घोंगडी, आणि गाडी अर्ध्या सेल्फला चालू. ॲव्हरेज वाढतं म्हणतात, मला तरी वाढलेलं दिसलं नाही.

पहिलं मोड्यूल भाऊबीजेनंतर गेलं. चाळीसगावला मार्केटात गाडी भरून झाली, सेल्फ मारला, इंजिन फिरतंय पण करंट नाही. विकणाऱ्यानं काही न विचारता दुसरं पाठवलं. तिथंच त्याची आणि माझी दोघांची चूक झाली.

दुसरं फेब्रुवारीत, कन्नड घाटात. गाडीत ढेपेची पोती, दुसऱ्या गिअरवर चढण, आणि दोन मिसिंग देऊन इंजिन गप. मागच्या चाकांना दगड लावले. सोबतचा म्हणे पेट्रोल उकळलं असेल, पंपावर ओलं फडकं टाक. टाकलं, काही नाही. मग कॉइलची जाड वायर डेल्कोतून उपटून टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरलं आणि त्याला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी नाही. (वायर याहून लांब धरू नका. उडायला जागा नसली की तो करंट मोड्यूललाच मारतो.) मग सहज कॉइलला बोट लावलं आणि तोंडातून शिवी निघाली. चहाच्या पातेल्यासारखी तापलेली. अर्धा तास थांबलो, गाडी आपोआप चालू झाली, कन्नडपर्यंत गेली, माल उतरवला, रिकामी खाली आली आणि दुसऱ्या दिवशी दारातच ते मोड्यूल कायमचं मेलं.

खरं कोडं तिसऱ्यानं घातलं, कारण ते उभ्या गाडीत गेलं. मार्चअखेर, गोदामासमोर. गाडी चांगली चालत आली, बंद केली, पोरांनी तासभर सरकी भरली, सेल्फ मारला तर करंट नाही. चालताना जळालं असतं तर समजलो असतो, उभ्या उभ्या कसं? फाळका लावत असलेल्या पोराला विचारलं, कुठं हात घातला का रे? तो म्हणाला, "नही दादा. चावी तेवढी चालू व्हती, गाना चालू व्हतात ना."

टेपची वायर कधीतरी कुणीतरी चावीच्या लाइनवर जोडलेली. गाणी हवीत तर चावी चालू. चावी चालू म्हणजे कॉइलला करंट, आणि इंजिन बंद म्हणजे तो तोडणारं कुणी नाही. गंमत अशी की हे दर वेळी होत नाही. इंजिन थांबताना चुंबक कुठं उभं राहिलं त्यावर आहे. मोड्यूल बंद अवस्थेत थांबलं तर दिवसभर गाणी ऐका, चालू अवस्थेत थांबलं तर कॉइल आणि मोड्यूल दोन्ही भाजत बसतात. म्हणून वीस वेळा काही झालं नाही आणि एकविसाव्या वेळी झालं. मार्केटातलं पहिलंही असंच गेलं असणार, तेव्हाही टेप चालू होता. पॉइंट असतानाही हेच व्हायचं, पण पॉइंट निळे पडायचे, आपण घासायचो आणि निघायचो. मोड्यूल घासता येत नाही.

मग घाटातलं? त्यासाठी मीटर. किटच्या पेटीतला कागद मी वाचलाच नव्हता, त्यात मिस्तरीनं प्लग गुंडाळले होते. उलगडला तर काळ्या बोटांच्या ठशांखाली स्पष्ट लिहिलेलं: कॉइल कमीत कमी ३ ओहम. माझी काढून मोजली, दीड. ही कॉइल आधीच्या कुणी दुसऱ्या गाडीची टाकलेली, तिच्यासोबत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा) होता. कागदात असंही होतं की किटच्या लाल वायरला पूर्ण १२ व्होल्ट हवेत. म्हणून मिस्तरीनं बॅलास्टच काढून फेकला. लाल वायरला १२ मिळाले, पण कॉइललाही मिळाले. दीड ओहमला १२ व्होल्ट म्हणजे ८ अँपिअर, गाडी चार्ज करत असेल तर त्याहून जास्त. ३ ओहमच्या कॉइलला निम्मे. मिस्तरीनं अर्धा कागद बरोबर वाचला, मी तर तेवढाही नाही.

आणि चार्जिंग बघितलं तर १५.४ व्होल्ट. बॅटरीचं पाणी का आटतंय याचं उत्तर मिळालं. कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बदलायला निघालो होतो, त्याआधी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी डेल्कोच्या अंगाला लावली. चावी चालू असताना तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. आले ०.९ व्होल्ट. इंजिन आणि चेसिसमधली अर्थिंगची पट्टी काढली तर बोल्टखाली रंगाचा थर आणि गंज, पट्टीचे अर्धे तार तुटलेले. कटआउटला अर्थिंग नीट मिळत नाही तेव्हा त्याला व्होल्टेज कमी भासतं आणि तो चार्जिंग वाढवत राहतो. पट्टी नवी टाकली, पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला. आता मायनस ते डेल्को ०.०५, चार्जिंग १४.१. कटआउट जुनाच आहे.

आताची जोडणी सांगतो. ३ ओहमची कॉइल. ती इंजिनवरून काढून केबिनच्या मागच्या पत्र्यावर, जिथं वारा लागतो. चावीवरून फक्त रिले चालतो, मोड्यूल आणि कॉइलला करंट बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून. डेल्कोच्या आतल्या प्लेटला वेगळी अर्थिंग वायर. प्लगच्या साध्या तांब्याच्या वायरी काढून कार्बनच्या टाकल्या, त्यांचा त्रास मोड्यूलला कमी होतो असं विकणाऱ्याचं म्हणणं. टायमिंग पुस्तकाप्रमाणे, पिस्टन पूर्ण वर येण्याच्या ५ अंश आधी, प्लग गॅप पाऊण मिलिमीटर. चावी चालू आणि इंजिन बंद असेल तर डॅशबोर्डवर लाल बल्ब लागतो, तोही मीच ऑइल प्रेशरच्या स्विचवरून काढला.

परत घेईन का? घेईन, पण हे सगळं आधी मोजून. आणि एक गोष्ट मला किटवाल्यांची आजही पटत नाही: चावी चालू राहिली तर करंट आपोआप तोडण्याची सोय या किटमध्ये नाही, आणि हे पेटीवर मोठ्या अक्षरांत छापायला काय जातं? ज्यांची गाडी गावातल्या गावात फिरते त्यांनी पॉइंटवरच राहावं, रस्त्यात कुणीही दुरुस्त करून देतो. मीसुद्धा जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि गेज पार्लेच्या डब्यात घालून सीटखाली ठेवलेत. वीस मिनिटांत बसतात, घरी करून बघितलंय.

परवा दुपारी पुन्हा कन्नड घाट चढलो, तीच ढेप. वर थांबून इंजिन बंद केलं, पेटीवर हात ठेववत नव्हता. दहा मिनिटांनी सेल्फ मारला, लगेच चालू. टेपला आता बॅटरीवरून वेगळा स्विच दिलाय. गेल्या आठवड्यात पोरांनी गाण्यांनी बॅटरीच उतरवली, तेव्हा धक्का मारायला त्यांनाच खाली उतरवलं.