सीलबंद डब्याचे ६८,५०० रुपये: महागडे इअरफोन घेणाऱ्यांनी वाचाच

महागडे इन-इअर (कानाच्या आत बसणारे) इअरफोन 'सीलबंद आहे, फक्त बिल नाही' अशा बोलीवर घेणार असाल आणि विकणारा अर्ध्या वाटेत भेटू म्हणत असेल, तर जी जोडी कानात घालून ऐकलीत तीच घेऊन घरी या. डब्यातली नको. माझे ६८,५०० रुपये गेलेत. नाव लिहीत नाही, कारण घरी हा आकडा अजून 'चाळीसच्या आसपास' असाच माहीत आहे.

आणि कृपा करून 'लोभ नडला' म्हणू नका. ओटीपीवाले, केवायसीवाले, कुरिअर अडकलंयवाले, सगळे मला तोंडपाठ आहेत. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना मीच समजावून सांगतो. सांगलीत लाखाचा इअरफोन कानात घालून बघू देणारं दुकान मला तरी सापडलेलं नाही. मग माणूस काय करणार? ज्याच्याकडे आहे त्याला शोधणार, भेटणार, ऐकणार आणि मगच पैसे देणार. मी नेमकं तेच केलं.

निवड दोघांत होती. एक शुअरचा एसई ८४६, २०१३ पासूनचा जुना खेळाडू, एका कानात चार बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा चिमुकला स्पीकर, बॅलन्स्ड आर्मेचर हा त्याचा एक प्रकार). दुसरा सेनहायझरचा आयई ९००, २०२१ चा, एकच सात मिलिमीटरचा डायनॅमिक (नेहमीच्या स्पीकरसारखा पडद्याचा) ड्रायव्हर, अख्ख्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेलं अंग. मी शास्त्रीय ऐकतो. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेला बसून कान तयार झालेत, त्यामुळे माझी कसोटी एकच: तानपुऱ्याची जवारी. तार घोडीला हलकेच घासत जाते तेव्हा वर जो स्वरांचा झरझरता पडदा तयार होतो तो दिसला पाहिजे. ८४६ मध्ये गळा भरदार, खर्ज गुबगुबीत, पण वरचं सगळं सायीखाली. त्याची कानात जाणारी नळी बदलून थोडा फरक पडतो, जवारी काही पुरती उघडत नाही. ९०० मध्ये ती उघडते.

हे मला त्या विकणाऱ्या माणसानेच सांगितलं, हे विशेष. विकायला त्याच्याकडे दोन्ही होते. मी ८४६ कडे झुकलो होतो, कारण स्वस्त. तो म्हणाला, "दादा, तानपुरा ऐकणाऱ्याने ८४६ घेऊ नये, मी विकणार नाही तुम्हाला." इतकं नेमकं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? कानातल्या रबरी टिप्सचे आकार, केबल, ४.४ मिलिमीटरचा जॅक, सगळं त्याला ठाऊक. भावाने सिंगापूरहून दोन जोड्या आणल्या, एक स्वतः वापरतो, एक सीलबंद पडून आहे, असं म्हणाला. १५,००० आधी यूपीआयने, ५३,५०० भेटल्यावर. तो पुण्याचा, मी सांगलीचा, म्हणून भेट साताऱ्यात, एसटी स्टँडजवळ.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. विचारलं तर "मिसेसचं खातं आहे." माझंही विजेचं बिल बायकोच्या खात्यावरून जातं, त्यात मला काय खटकणार? पण तुम्ही थांबा. विकणाऱ्याचं नाव आणि खात्याचं नाव वेगळं दिसलं की तिथेच व्यवहार संपला.

साताऱ्यात त्याने स्वतःची जोडी काढून दिली. मी माझ्या प्लेअरला लावली, माझ्याच फाइली ऐकल्या. जवारी अशी उघडली की बाहेरचा कंडक्टरांचा आरडाओरडा विसरलो. अस्सल होती ती, आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मग त्याने ती जोडी पुसून आपल्या पाकिटात ठेवली आणि सीलबंद डबा माझ्यापुढे सरकवला.

इथे. नेमकं इथे. मी प्लॅस्टिकला नख लावलं आणि त्याने माझा हात धरला. "इथं नका फोडू दादा, उद्या विकायचा झाला तर सील फुटलेल्याला दहा हजार कमी येतात." हे खरं असतं हो! बाजारात असंच चालतं. आणि शोरूममध्ये तरी काय करतात? डेमोचा एक दाखवतात, बंद डबा हातात देतात. तरीपण रात्री झोप उडते ती या एका वाक्यावर. विकायला आलेल्या माणसाला माझ्या उद्याच्या विक्रीची एवढी काळजी कशाला? मी ५३,५०० पाठवले. "स्वारगेट विनाथांबा लागलीय" म्हणत तो पळाला.

प्लॅस्टिकचं आवरण चढवायचं यंत्र कुणालाही विकत मिळतं. सील म्हणजे पुरावा नाही, हे लिहून ठेवा.

सांगलीला विश्रामबागेत घरी येऊन डबा फोडला. आयई ९०० सोबत तीन केबल येतात, २.५, ३.५ आणि ४.४ ची. यात दोनच. एकवेळ मानलं असतं. पण माझ्याकडची जाड कॉलरची साधी एमएमसीएक्स (इअरफोनला टचकन बसणाऱ्या, काढता येणाऱ्या जोडाची) केबल लावून बघितली तर टचकन बसली. ती बसायलाच नको होती! अस्सल ९०० ची खाच आत खोल असते, बाहेरच्या बऱ्याच केबली तिच्यात शिरतच नाहीत. कडेला नख मारलं, चंदेरी पापुद्रा निघाला, खाली प्लॅस्टिक. आवाजाचं तर बोलूच नका. तानपुरा रांजणात कोंडल्यासारखा.

फोन बंद. चॅट गायब. म्हणून सांगतो, चॅटचे स्क्रीनशॉट व्यवहाराआधी काढा, नंतर नाही.

आता साहेब लोकांचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला. पलीकडून प्रश्न, "वस्तू मिळाली का?" मिळाली, पण खोटी. "मग पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा वस्तूचा वाद आहे." तक्रार क्रमांक मिळाला, पुढे शुकशुकाट. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. समोरच्या खात्यावर निदान होल्ड तरी लावा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पत्र हवं तर गुन्हा नोंदवायला हवा. आणि गुन्हा? इकडच्या ठाण्यात म्हणाले घटना तिकडची, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात म्हणाले पैसे इकडच्या खात्यातून गेले, इकडे या. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. हे मी छापून नेलं होतं. हवालदाराने कागद उलटा करून मागे माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. शेजारचा विचारतो, "अडुसष्ट हजाराचा इअरफोन? सोन्याचा आहे का?" ठाण्यात सगळे हसले. मोटरसायकल गेली असती तर हसले असते का? फसवणूक म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. शेवटी एफआयआर नाहीच, 'अर्ज' घेतला. अर्ज घेणं म्हणजे काय ते ज्याने दिलाय त्याला माहीत. तुम्ही गेलात तर निदान पोच, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

१९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. तिथे कंपनीचं नाव विचारतात. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते हे खरं, पण समोरच्याचा पत्ता लागतो, नोटीस कुणाला पाठवणार? म्हणून भेटीआधी ओळखपत्राचा फोटो मागा. चिडला तर चिडू दे. डबा त्याच्यासमोर फोडा, व्हिडिओ काढा, तुमची स्वतःची केबल बरोबर न्या, डब्यातलीच जोडी त्याच टेबलावर ऐका. गाडी चुकते म्हणाला तर चुकू दे, पुढची असते.

परवा माझ्या एका मित्राने दुसऱ्या नावाने चौकशी केली. तोच माणूस, नंबर नवा. या वेळी ८४६ आहे, सीलबंद, ४१,००० ला, १०,००० आधी. 'तानपुऱ्याला ९०० नको, फार टोचतो' असं मित्राला सांगितलंय. भेट कराडला.