पाम स्प्रिंग्ज, दोन रात्री: कशाला पैसे मोजावेत, कशाला नाही

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण ११० मैलांवर पाम स्प्रिंग्ज आहे. जाहिरातीत पोहण्याचे निळे तलाव, ताडाची झाडं आणि ऊन दिसतं. या शहराचा खरा मालक मात्र पश्चिमेला उभा आहे: सॅन हसिंटो, उंची १०,८३४ फूट. शहर जेमतेम ४८० फुटांवर. समुद्राकडून येणारे ढग हा डोंगर पलीकडेच रिकामे करतो, म्हणून अलीकडे वाळवंट आहे. इथला वारा, दुपारची सावली, दऱ्यांतलं पाणी आणि वरचा बर्फ, सगळं त्याच्याकडून येतं. शुक्रवार ते रविवारची सहल आखताना हॉटेलचे फोटो बघण्याआधी या डोंगराचा हिशेब मांडावा.

आधी महिना. नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. जानेवारीत दुपारी ७० फॅरनहाइट (२१ सेल्सिअस) आणि रात्री ४५ (७ सेल्सिअस) च्या आसपास, म्हणजे स्वेटर हवाच. जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान १०८ (४२ सेल्सिअस). ५ जुलै २०२४ ला इथे १२४ फॅरनहाइटची, म्हणजे ५१ सेल्सिअसची नोंद झाली. नागपूर-चंद्रपूरकडची मंडळी ४२ ला हसतील. पण इथली हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं. तलावाकाठच्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. उन्हाळ्यात हॉटेलं बरीच स्वस्त मिळतात, आणि सकाळी दहापर्यंत व संध्याकाळी सहानंतर तलावात डुंबणं एवढाच बेत असेल तर तो सौदा वाईट नाही. चालायला, फिरायला जायचं असेल तर मात्र उन्हाळा सोडून द्या.

चांगल्या काळातही काही शनिवार-रविवार टाळावेत. फेब्रुवारीत मॉडर्निझम वीक हा आधुनिक वास्तुकलेचा उत्सव, मार्चमध्ये इंडियन वेल्सची टेनिस स्पर्धा, एप्रिलमध्ये जवळच्या इंडिओला कोचेला संगीत महोत्सवाचे दोन वीकेंड आणि त्यानंतर स्टेजकोच हा आणखी एक संगीत महोत्सव. या दिवसांत खोलीचे दर भलतेच चढतात आणि रस्ते तुंबतात. थँक्सगिव्हिंगला आणि नाताळाच्या आठवड्यात तीच गत. गर्दी कमी आणि हवा उत्तम असं गणित नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा किंवा डिसेंबरची सुरुवात यांत बऱ्यापैकी जुळतं.

डिसेंबरचा एक तोटा कोणी सांगत नाही. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि डोंगर शहराला अगदी खेटून आहे. पायथ्याच्या ओल्ड लास पाल्मास किंवा टेनिस क्लब या भागांत दुपारी तीनच्या सुमारासच ऊन जातं. चारला तलावावर जाऊ म्हणणाऱ्यांना सावलीत कुडकुडावं लागतं. हिवाळ्यात ऊन हवं असेल तर शहराच्या पूर्वेकडचं, विमानतळाच्या बाजूचं हॉटेल बघा. मे-जूनमध्ये नेमकं उलट, तेव्हा पायथ्याचीच जागा घ्यावी.

पत्ताही नीट वाचा. ‘पाम स्प्रिंग्ज परिसर’ या नावाखाली पाम डेझर्ट आणि ला किंटापर्यंतची हॉटेलं दाखवली जातात, आणि ती गाडीने अर्ध्या तासावर असू शकतात. जेवून रमतगमत पायी परत यायचं असेल तर पाम कॅनियन ड्राइव्ह या गावातल्या मुख्य रस्त्यापासून चालत जाण्याइतकं जवळचंच हॉटेल घ्या. दुसरी गोष्ट वयाच्या अटीची. इथली कित्येक छोटी, देखणी हॉटेलं फक्त २१ वर्षांवरच्या पाहुण्यांसाठी आहेत. काही फक्त पुरुषांसाठी असून तिथे तलावावर कपडे ऐच्छिक असतात. ज्याला ते हवं त्याच्यासाठी उत्तम सोय आहे, पण भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन स्वागतकक्षात उभं राहिल्यावर हे कळणं बरं नव्हे. दराचं म्हणाल तर जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सक्तीची रिसॉर्ट फी जाहीर केलेल्या दरातच धरावी लागते. हॉटेल कर त्यावर वेगळा लागतो, हे तुलना करताना विसरू नका.

तीन-चार कुटुंबं मिळून तलावाचं घर भाड्याने घेणं हा आपल्या मंडळींचा आवडता बेत. घर चांगलंच पडतं, पण दोन ठिकाणी फसगत होते. पहिली तलावाची. नोव्हेंबर ते मार्च न तापवलेलं पाणी अंगावर काटा आणतं. तापवण्याचे पैसे बहुतेक घरमालक दिवसाप्रमाणे वेगळे लावतात, आणि एवढं पाणी तापायला एक पूर्ण दिवस सहज लागतो. शुक्रवारी संध्याकाळी पोचून ‘आता सुरू करा’ म्हटलं तर शनिवारी रात्री पाणी कोमट होईल आणि रविवारी तुम्ही निघाल. बुकिंग करतानाच आदल्या दिवसापासून तापवायला सांगा, किती अंशांपर्यंत तापवणार तेही लेखी घ्या. दुसरी फसगत आवाजाची. पाम स्प्रिंग्ज शहराच्या नियमाप्रमाणे भाड्याच्या घरांत बाहेर, म्हणजे अंगणात किंवा तलावाकाठी, स्पीकरवर गाणी लावायला बंदी आहे. रात्रीच नव्हे, दिवसाही. बेडरूमच्या संख्येवर माणसं आणि गाड्याही ठरलेल्या असतात. शेजारी तक्रार करतात आणि दंड खरोखर होतो. अंताक्षरी घरात बसून खेळा.

प्रवास. वाट मोकळी असेल तर लॉस एंजेलिसहून दोन तास, सॅन डिएगोहून सव्वादोन ते अडीच. शुक्रवारी दुपारी दोन ते सातमध्ये निघालात तर साडेतीन-चार तास धरा, कारण आय-टेन हा हायवे आधी शहराबाहेर पडताना आणि मग बोमाँट-बॅनिंगला अडते. त्यापुढे खिंड लागते, जिथे पवनचक्क्यांचं रान आहे. तिथे वारा गाडी हलवतो, छतावर सामान बांधलं असेल तर दोऱ्या पुन्हा तपासा. वारा फार चढला किंवा पाऊस झाला की इंडियन कॅनियन ड्राइव्ह आणि जीन ऑट्री ट्रेल हे रस्ते वाळू-पाण्यामुळे बंद करतात. नकाशा तिकडून नेत असेल तर सरळ हायवे १११ धरा. गावात गाडी लावायला बहुतेक सार्वजनिक जागा फुकट आहेत.

आता मुख्य खर्च: एरियल ट्रामवे, म्हणजे रोपवे. तिकीट माणशी ३० डॉलरच्या वर, पार्किंग वेगळं. महाग वाटतं, पण या सहलीत एकाच गोष्टीवर पैसे घालवायचे असतील तर याच्यावर घालवा. खालचं स्टेशन २,६४३ फुटांवर, वरचं ८,५१६ फुटांवर. दहा-बारा मिनिटांत ५,८७३ फूट चढाई, म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जितकी होईल त्याहून जास्त. रोपवे सप्टेंबर १९६३ मध्ये सुरू झाला. वाटेत पाच मनोरे आहेत आणि पहिला सोडून बाकीच्यांपर्यंत रस्ताच नाही, सामान हेलिकॉप्टरने वाहून बांधलेत. आताचे ८० माणसांचे गोल डबे २००० सालापासूनचे. त्यांचा तळ वर जाईपर्यंत दोन पूर्ण फेऱ्या फिरतो. त्यामुळे खिडकी पकडण्यासाठी धक्काबुक्की करायचं कारण नाही, प्रत्येकाच्या पुढ्यात दरीही येते आणि कडाही. मनोरा ओलांडताना डबा झोक्यासारखा पुढेमागे होतो आणि हमखास किंचाळ्या उठतात. उंचीची भीती असेल त्यांनी डब्याच्या मध्यावर उभं राहावं. कानाला दडे बसतात, लहान मुलांना चघळायला काहीतरी द्या. वेफर्सची पाकिटं वर पोचेपर्यंत टम्म फुगतात.

वर तापमान खालच्यापेक्षा ३० ते ४० फॅरनहाइटने कमी. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. खाली ७५ असतं, लोक चड्डी-चपलांत वर जातात, आणि तिथे बर्फ पडलेला असतो. डिसेंबर ते मार्च जॅकेट, बंद बूट, मुलांना मोजे-टोपी हे गाडीत नव्हे, हातात घेऊन निघा. पार्किंगमधून परत जाऊन आणायचं म्हणजे रांगेतली जागा गेली.

वरच्या इमारतीतून मागे उतरलं की सॅन हसिंटो स्टेट पार्कची लाँग व्हॅली लागते. उतरायची वाट सिमेंटची, वळणावळणाची. जाताना कोणाला काही वाटत नाही, पण परतताना तोच चढ साडेआठ हजार फुटांच्या विरळ हवेत दम काढतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी वरच्या सज्जातूनच दरी बघावी, दृश्यात काही उणं नाही. खाली उतरणाऱ्यांनी डेझर्ट व्ह्यू ट्रेल घ्यावी: दीड मैलाचा फेरा, पाच ठिकाणांहून दरी दिसते, तासाभरात होतो. लाँग व्हॅलीच्या पुढे रानात जायचं असेल तर तिथल्या रेंजरच्या चौकीत फुकट परवाना भरून द्यावा लागतो. शिखर गाठायचं तर साडेपाच मैल जायचे, तेवढेच यायचे, पूर्ण दिवस हवा. दोन रात्रींच्या सहलीत त्याच्या नादी लागू नये.

वेळ कुठली घ्यावी? शनिवारी सकाळी अकरा ते तीन सोडून कुठलीही. सुट्टीच्या आठवड्यांत आणि बर्फ पडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तासन्तास ताटकळावं लागतं, म्हणून तिकीट आधीच ऑनलाइन काढा. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे शुक्रवारी सकाळी घर सोडणं. लॉस एंजेलिसकडून येताना हायवे १११ वर ट्रामवे रोड शहराच्या आधीच लागतो, त्यामुळे हॉटेलची खोली ताब्यात मिळेपर्यंत रोपवे उरकतो. हा रस्ता साडेतीन मैलांचा खडा चढ आहे. उन्हाळ्यात जुनी गाडी असेल तर एसी बंद करून चढवा. सूर्यास्त बघून सगळे एकदमच उतरतात, तेव्हा खाली यायलाही रांग असते. सप्टेंबरमध्ये वार्षिक देखभालीसाठी रोपवे काही काळ बंद ठेवतात, तेव्हा जायचं असेल तर तारखा बघूनच बुकिंग करा. वरचं खाणं ठीकठाक आहे. लाँग व्हॅलीत बसून खायला बाकं-टेबलं आहेत, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा तिथे उघडावा.

ट्रामवे रोडच्या तोंडाशी पंख पसरल्यासारखं छप्पर असलेली इमारत दिसेल. १९६५ चा पेट्रोलपंप, वास्तुविशारद आल्बर्ट फ्रे आणि रॉबसन चेंबर्स. आता ते शहराचं पर्यटक केंद्र आहे. आधुनिक शैलीच्या जुन्या घरांचा नकाशा तिथे मिळतो. घरं खासगी आहेत, रस्त्यावरूनच बघायची. वास्तुकलेची आवड नसेल तर अर्धा तास पुरे.

शनिवारची सकाळ दऱ्यांसाठी ठेवा. इंडियन कॅनियन्स आणि टाक्विट्स कॅनियन या दोन्ही जागा अगुआ कॅलिएन्टे काहुईया या मूळ रहिवासी जमातीच्या मालकीच्या आहेत, प्रवेशशुल्क तेच घेतात. दोन्हींतली एकच निवडायची तर मुलं आणि ज्येष्ठ सोबत असताना इंडियन कॅनियन्समधली अँड्रियास कॅनियन. साधारण मैलाभराचा सोपा फेरा, बारमाही ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांना कॅलिफोर्नियाचे मूळचे पंखाताड. त्यांची वाळलेली पानं खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबत असतात. टाक्विट्समध्ये दोन मैलांचा फेरा आणि ६० फुटी धबधबा आहे, पण वाटेतल्या दगडी पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. धबधबा हिवाळ्याच्या अखेरीस जोरात असतो. ऑक्टोबरमध्ये बघाल तर ‘एवढ्यासाठी आलो?’ असं होईल. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत दोन्ही जागा फक्त शुक्रवार ते रविवार उघड्या असतात.

शहरातल्या कला संग्रहालयामागून सरळ डोंगरावर चढणारी स्कायलाइन ट्रेल फुकट आहे म्हणून कोणी सुचवेल. लाँग व्हॅलीपर्यंत सुमारे आठ हजार फूट चढ, वाटेत पाण्याचा थेंब नाही, आणि तिथे माणसं उष्म्याने दगावलेली आहेत. सह्याद्रीत कितीही गड केलेले असोत, या सहलीत नको.

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान याच दोन दिवसांत बसवायचं का? रोपवे शुक्रवारी झाला असेल तरच, आणि तेही तलावावरचा अर्धा दिवस सोडून. पश्चिमेच्या दारापर्यंत तासभर लागतो. तिथून आत शिरून कीज व्ह्यू हा पॉइंट, मग चोला निवडुंगाची बाग, आणि दक्षिणेच्या कॉटनवुड दारातून आय-टेनवर उतरावं, म्हणजे आल्या वाटेने परतावं लागत नाही. उद्यानात पेट्रोल नाही, मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, पाणी फक्त कडेच्या मोजक्या जागी. टाकी भरून घ्या, नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा, माणशी चार लिटर पाणी बरोबर ठेवा. चोलाच्या काट्यांना उलटे दात असतात, ते नुसत्या स्पर्शाने रुततात आणि निघत नाहीत. कंगवा आणि चिमटा जवळ असू द्या, मुलांना वाटेवरून खाली उतरू देऊ नका.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत, पण मेक्सिकन जेवणातल्या कुस्करलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या. शनिवारच्या रात्रीचं टेबल हंगामात आठवडाभर आधी राखून ठेवावं. गुरुवारी संध्याकाळी येणं जमलं तर पाम कॅनियन ड्राइव्हवर व्हिलेजफेस्टचा रस्त्यावरचा बाजार भरतो, तेवढ्यात पोटाचंही भागतं.

खजूर घ्यायचाच, अमेरिकेतला बहुतेक खजूर याच खोऱ्यात पिकतो. मेजूल मऊ आणि गोड, नुसता खायला. डेग्लेट नूर जरा कोरडा, लाडू-वड्यांना बरा. जोशुआ ट्रीहून कॉटनवुडकडून उतरलात तर इंडिओचं १९२४ पासूनचं शील्ड्स डेट गार्डन वाटेवर येतं. नाहीतर त्याच्यासाठी मुद्दाम उलटं जाऊ नका, परतीच्या रस्त्यावर कबॅझॉनला हॅडलीचं दुकान आहे. खजुराचा शेक दोन्हीकडे मिळतो. आइस्क्रीम घातलेला, दाट आणि फार गोड, दोघांत एक पुरतो. रविवारी हॅडलीला थांबायचं तर सकाळी साडेदहाच्या आत. दुपारनंतर दुकानातली रांग बाहेर येते, आणि पश्चिमेकडे जाणारा आय-टेन बॅनिंगपर्यंत गोगलगाईच्या चालीने सरकतो. सकाळी निघणं जमणार नसेल तर खोली उशिरापर्यंत ठेवायचे पैसे भरा, संध्याकाळ तलावावर काढा आणि साडेसातनंतर गाडी काढा.