एज ऑफ डेकेडन्स की अंडररेल: आधी कोणता खेळावा?

फॉलआउट या जुन्या रोल-प्लेइंग गेमचे, म्हणजे स्वतःचं पात्र घडवत खेळायच्या संगणकीय गेमचे, पहिले दोन भाग खेळून झाले, अजून तसंच काहीतरी हवंय, असं कुणी म्हटलं की जाणकारांकडून दोन नावं हमखास येतात. आयर्न टॉवर स्टुडिओचा ‘एज ऑफ डेकेडन्स’ आणि बेलग्रेडच्या स्टिजियन सॉफ्टवेअरचा ‘अंडररेल’. दोन्ही 2015 सालचे, पहिला ऑक्टोबरमधला आणि दुसरा डिसेंबरमधला. दोन्हीमागे मोजकी माणसं आणि वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. एज ऑफ डेकेडन्सचं काम तर 2004 सालीच सुरू झालं होतं. दोन्हींत तुम्ही एकटे, सोबतीला टोळी नाही, लढाई टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली खेळायची, आणि शत्रू तुमची ताकद पाहून सौम्य होत नाहीत. वरवर पाहता जुळे भाऊच. प्रत्यक्षात दोघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत, की ज्याला एक मनापासून आवडतो त्याला दुसरा अर्ध्यातच सोडावासा वाटू शकतो. मी दोन्ही शेवटपर्यंत खेळलो आहे, पुन्हा नव्या पात्रांनिशीही खेळलो आहे. त्यावरून जे वाटतं ते सांगतो.

एज ऑफ डेकेडन्सचं मोठेपण आधी मान्य करायला हवं. रोमन साम्राज्यासारखं एक साम्राज्य कोसळून गेलंय, जुनी विद्या हरवलीय, देव म्हणजे नेमके कोण होते हेही कुणाला धड ठाऊक नाही, आणि उरलेल्या शहरांवर तीन सरदार घराणी एकमेकांच्या उरावर बसली आहेत. तेरॉनमध्ये सुरुवात होते तेव्हा शहरावर दारातान घराण्याची सत्ता असते, पण व्यापाऱ्यांचा संघ, इम्पीरियल गार्ड, चोरांची टोळी आणि मारेकऱ्यांची संघटना असे सगळेच आपापला डाव मांडून बसलेले असतात. तुम्ही ज्यांच्या बाजूने उतरता त्यांच्या नजरेतूनच गोष्ट दिसते. व्यापारी म्हणून खेळताना जो प्रसंग निव्वळ दुर्दैव वाटला, त्यामागे कोण होतं हे मारेकरी म्हणून खेळताना उलगडतं. हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याही गेमने इतक्या ताकदीने दिलेला नाही. तलवार न उपसता, नुसत्या जिभेच्या जोरावर शेवटपर्यंत जाता येतं. आणि शब्द मोडलात, कुणाशी दगा केलात, तर ते लोकांच्या लक्षात राहतं.

लढाईही उत्तम आहे, फक्त निर्दय. ढाल धरायची की वार चुकवायचा हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं, आणि दोन्हींत थोडं थोडं शिकलेला माणूस पहिल्याच गल्लीत मरतो. जाळं फेकून एकाला अडकवायचं, तोवर दुसऱ्याला संपवायचं, असे बारकावे हाती लागले की मजा येते. कठीणपणाबद्दल माझी तक्रार नाही. असले गेम शोधत येणारा माणूस कठीणपणासाठीच येतो.

माझी तक्रार स्किल पॉइंटबद्दल, म्हणजे पात्राची कौशल्यं वाढवायला मिळणाऱ्या गुणांबद्दल आहे, आणि खरं सांगायचं तर माझं पारडं तिथेच झुकलं.

या गेममध्ये संवादातल्या परीक्षांना फासे नाहीत. कौशल्य ठरावीक पातळीला असेल तर पार, एकाने कमी असेल तर नापास. कल्पना स्वच्छ आहे, नशिबाला वाव नाही. पण कोणत्या दारात कोणतं कौशल्य किती लागेल हे आधी कळत नाही. वरची पातळी गाठायला पॉइंटही जास्त मोजावे लागतात, त्यामुळे सगळीकडे थोडे थोडे वाटले तर कुठेच निभाव लागत नाही. मग खेळणारा काय करतो? मिळालेले पॉइंट खर्चच करत नाही. ते साठवून ठेवतो, संवादात शिरतो, तिथे स्ट्रीटवाइजचा, म्हणजे गल्लीबोळातल्या चलाखीचा, पर्याय दिसतो, तो निवडतो, नापास होतो, सेव्ह लोड करून आधी जतन केलेल्या जागी परततो, साठवलेल्यातले पॉइंट त्या कौशल्यात टाकतो आणि पुन्हा आत जातो. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर अभ्यासाला बसावं तसं हे होतं.

कुणी म्हणेल, मग करू नका तसं. मीही मनाशी तसंच ठरवलं होतं, आणि पात्र स्वभावाला धरून वाढवायचा प्रयत्न प्रामाणिकपणे केला. पण इमानेइतबारे पॉइंट खर्च करणाऱ्यालाच इथे सर्वांत जास्त सोसावं लागतं. वक्तृत्वात पॉइंट घातले तर पुढचा माणूस शिष्टाचार विचारतो. शिष्टाचार वाढवला तर त्यापुढचा प्रसंग वेषांतराचा निघतो. नापास झाल्यावर नेहमीच दुसरी वाट उघडते असंही नाही. काही ठिकाणी मरण येतं, काही ठिकाणी क्वेस्टचं, म्हणजे एखाद्या कामगिरीचं, दार कायमचं बंद होतं. तेव्हा हात आपोआप लोडकडे जातो.

यात सगळ्यात जास्त नुकसान कशाचं होतं, तर गेममधल्या सर्वोत्तम गोष्टीचं. लेखन सुंदर आहे, सरदारांच्या दरबारातली बोलणी वाचताना श्वास रोखला जातो. पण थोड्या वेळाने मी ती बोलणी वाचेनासा झालो. डोळे फक्त पर्यायापुढे कोणत्या कौशल्याचं नाव आहे ते शोधायला लागले, आणि डोक्यात शिल्लक पॉइंटांचा हिशेब चालू राहिला. बोलण्यात तरबेज असलेला माणूस दरबारात पाऊल ठेवण्याआधीच तरबेज असायला हवा ना? इथे तो दरबार बघून तरबेज होतो. माझं पात्र मी घडवत नव्हतो, पुढचा संवाद त्याला घडवत होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या गेमवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे: एक फेरी लहान असते, विशेषतः न लढणाऱ्या पात्राची. मरा, शिका, नवं पात्र घ्या, गोष्टीची दुसरी बाजू बघा; गेमची रचनाच त्यासाठी आहे. तिसऱ्या-चौथ्या पात्रापर्यंत शहरं पाठ होतात आणि पॉइंट दाबून ठेवायची गरज कमी होते, हेही खरं. पण आधी कोणता घ्यावा असं विचारणारा माणूस पहिल्या पात्रावर उभा असतो. याच स्टुडिओने 2023 साली ‘कॉलनी शिप’ आणला, तेव्हा त्यात कौशल्यं वापरून वाढतात अशी पद्धत ठेवली. म्हणजे साठवायला पॉइंटच हातात राहत नाहीत. तो बदल पाहून मला मनापासून बरं वाटलं.

आता अंडररेल. जमिनीवर जगणं अशक्य झालंय, माणसं खोल मेट्रो स्टेशनांमध्ये राहतात, प्रत्येक स्टेशन म्हणजे जवळपास एक छोटं राज्य. तुम्ही साउथ गेट स्टेशनचे नवे रहिवासी. गोष्ट म्हणून पाहिलं तर सुरुवातीचा बराच काळ ‘हे आण, ते दुरुस्त कर’ यातच जातो. लेखनात एज ऑफ डेकेडन्स सरळ सरस आहे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण अंडररेल तुम्हाला पात्र घडवू देतो. दर लेव्हलला 40 पॉइंट मिळतात आणि एका लेव्हलला एका कौशल्याची कमाल मर्यादा 5 नेच वाढते. म्हणजे साधारण आठ कौशल्यं पूर्ण वाढवता येतात, बाकीच्यांवर पाणी सोडायचं. त्यात फीट (निवडून घ्यायच्या खास क्षमता), त्यात क्राफ्टिंग (वस्तू बनवणं), त्यात मनोशक्तीच्या शाखा. लेव्हल वाढल्यावर पॉइंट घालताना मी पुढच्या संवादाचा विचार करत नव्हतो. माझा माणूस कोण आहे याचा करत होतो. आडधनुष्य आणि सापळे घेऊन अंधारात दबा धरणारा एक, आणि समोरच्याच्या मनात भीती भरून त्याला पळवून लावणारा दुसरा. दोघांना एकच गोदाम दिलं तर दोघं दोन वेगळे गेम खेळतात.

समजावणी आणि धाकदपटशा यांच्या ठरावीक पातळ्या अंडररेलमध्येही आहेत. फरक असा, की तिथे नापास होणं बहुधा एवढंच सांगतं की हे दार तुमच्यासाठी नाही. मग कुलूप फोडा, संगणक हॅक करा, हवेच्या झडपेतून सरपटत जा, नाहीतर सरळ बंदूक काढा. मला लोडकडे वळावं लागलं ते बहुतेक लढाई हरल्यावर, संवादात चुकल्यावर क्वचितच.

आणि ऑडिटी. सुरुवातीला गेम दोन पद्धतींतली एक निवडायला सांगतो: लेव्हल वाढवणारा अनुभव नेहमीप्रमाणे शत्रू मारून मिळवायचा, की ऑडिटी गोळा करून. ऑडिटी म्हणजे जगात विखुरलेल्या चमत्कारिक वस्तू. कधी मेलेल्या प्राण्यापाशी, कधी कुलूपबंद कपाटात. त्या न्याहाळल्या की अनुभव मिळतो, आणि प्रत्येक प्रकाराची मर्यादा ठरलेली, त्यामुळे एकच प्राणी शंभरदा मारून काही हाती लागत नाही. याचा परिणाम फार खोल जातो. दबक्या पावलांनी जाणाऱ्याला, कुणाला न मारता परतणाऱ्याला पुरेपूर मोबदला मिळतो. प्रत्येक आडवाट, प्रत्येक बंद खोली पाहावीशी वाटते. कुतूहलाला इतकी सरळ दाद देणारी अनुभवपद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

जाच इथेही आहे. व्यापारी फक्त आपल्या धंद्याचा माल घेतात, तोही मोजून, त्यामुळे जमवलेली लूट खपवायला या स्टेशनवरून त्या स्टेशनवर हिंडावं लागतं. चालणं भरपूर आहे. एकदा घेतलेलं फीट परत करता येत नाही. जंकयार्डमधल्या डेपो ए नावाच्या जागेत आम्ल थुंकणारे म्यूटंट भेटतात, आणि कित्येकांचा गेम तिथेच सुटतो. शेवटचा डीप कॅव्हर्न्सचा भाग तर कट्टर चाहत्यांनाही नकोसा वाटतो: लांबलचक, चकवणारा, आणि उतरलात की लगेच वर परतायची सोय नाही. मला तो आवडला नाही. पण या सगळ्या त्रासांत मी माझ्या पात्रासोबतच होतो, सेव्ह फाइलच्या हिशेबात नव्हतो.

वेळ थोडा असेल, राजकारण आणि संवाद हेच तुमचं पहिलं प्रेम असेल, आणि एकच गोष्ट चार बाजूंनी पुन्हा वाचायची तयारी असेल, तर एज ऑफ डेकेडन्स आधी घ्या. कदाचित माझा जाच तुम्हाला जाणवणारही नाही. घेतलात तर व्यापारी किंवा प्रेटर (सरदार घराण्याचा सेवक) निवडा, दोन-तीनच नागरी कौशल्यं धरा आणि पहिल्या पात्राला शस्त्राचा मोह पडू देऊ नका. अशा खेळणाऱ्यांखेरीज इतर सगळ्यांना मी अंडररेलच आधी सुचवेन. नॉर्मल या कठीणपणाच्या पातळीवर, ऑडिटी पद्धत निवडून, आणि ‘एक्स्पिडिशन’ हा 2019 चा जोडभाग पहिल्या पात्राच्या वेळी बाजूला ठेवून. डेपो एला हात घालण्याआधी साउथ गेटची सगळी कामं आटपा, आम्ल झेपेल असे कपडे मिळवा, आणि प्रत्येक कपाट उघडून पाहा.