‘ड्यून’: आधी पहिला भाग की थेट दुसरा?

‘ड्यून’ या हॉलिवूडच्या विज्ञानपट मालिकेचा तिसरा भाग 18 डिसेंबर 2026 ला येणार असं जाहीर झाल्यापासून आमच्या सांगलीच्या मित्रमंडळींत एक प्रश्न फिरतोय. ‘ड्यून’ अजून पाहिलाच नाही, तर सुरुवात कुठून करायची? ‘पहिला रटाळ आहे, थेट दुसरा लाव’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला स्वतःला दुसराच भाग जास्त आवडतो, तरीही हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो.

पहिला भाग 2021 चा, 2 तास 35 मिनिटांचा. दुसरा मार्च 2024 चा, 2 तास 46 मिनिटांचा. दिग्दर्शक डेनी व्हिलनव, कॅमेरा ग्रेग फ्रेझरचा, संगीत हान्स झिमरचं, दोन्हीकडे तेच. आणि दोन्ही मिळून फ्रँक हर्बर्टची 1965 ची एकच कादंबरी सांगतात. एरवी सीक्वेल म्हणजे चाललेल्या सिनेमाला जोडलेलं शेपूट असतं. इथं तसं नाही, दुसरा भाग हा सरळ उत्तरार्ध आहे. पहिला जिथं थांबतो, जवळजवळ तिथूनच तो सुरू होतो आणि मागचं काही समजावत बसत नाही.

गोष्ट अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहाची. तिथल्या वाळूत मिळणाऱ्या ‘स्पाइस’शिवाय अंतराळातला प्रवास होत नाही, म्हणून सम्राटापासून सरदार घराण्यांपर्यंत सगळ्यांचा डोळा त्या ग्रहावर. तिथले मूळ रहिवासी फ्रेमेन, आणि त्यांच्यात जाऊन पडलेला परक्या घराण्याचा मुलगा पॉल. एवढं कळलं की पुरे.

पहिल्या भागाला लोक कंटाळतात ते सुरुवातीच्या तासाभराला. मान्य आहे, तिथं नावं फार आहेत, घराणी फार आहेत, आणि पात्रं हळू बोलतात. पण त्याच तासात खजुराच्या झाडांचा प्रसंग आहे. राजवाड्याच्या अंगणात एक म्हातारा माळी झाडांना पाणी घालतोय. पॉल चौकशी करतो, तेव्हा तो हिशेब सांगतो: एक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. वीस झाडं, म्हणजे शंभर जीव. मग ही काढून टाकायची का, असं पॉल विचारतो. माळी घाबरतो, नको म्हणतो. ही झाडं पवित्र आहेत, जुनं स्वप्न आहे ते. प्रसंग जेमतेम मिनिट-दोन मिनिटांचा. माण-खटाव, जत, आटपाडीकडच्या ज्या माणसानं टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेत, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

पुढं स्टिलगार हा फ्रेमेनांचा नायक दरबारात येतो आणि टेबलावर थुंकतो. दरबारी चवताळतात. मग कळतं की अंगातला ओलावा समोरच्यासाठी खर्च करणं हा तिथला मान आहे. दारात आलेल्याला आधी तांब्याभर पाणी देणाऱ्या आपल्या मुलखात या मानाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता दुसऱ्या भागात या. मेलेल्या फ्रेमेनाच्या शरीरातलं पाणी काढतात, गुहेतल्या एका मोठ्या कुंडात ओततात, आणि तहानेनं मरायची वेळ आली तरी त्या पाण्याला कुणी तोंड लावत नाही. पिढ्यान् पिढ्यांचं पाणी साठलंय ते, ग्रह हिरवा करायच्या आशेनं. शत्रूच्या अंगातलं पाणीही ते काढतात, पण ते रसायनांनी खराब झालेलं, पिण्याजोगं नसतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते ज्यांनी स्टेशनवर उभं राहून पाहिलंय, त्यांच्या अंगावर या प्रसंगात काटा येईल. पण त्यासाठी आधी ती खजुराची झाडं पाहिलेली असायला हवीत. नाहीतर ते कुंड म्हणजे नुसता एक भव्य सेट.

डोळ्यांना मिळणाऱ्या गोष्टींत मात्र दुसरा भाग निर्विवाद पुढं आहे. पॉल पहिल्यांदा वाळूतल्या महाकाय किड्यावर स्वार होतो ती मिनिटं बघा. आधी नुसता वाळूचा डोंगर सरकताना दिसतो, मग कडा ढासळते, पॉल खाली कोसळतो, आणि धुळीत काहीच दिसेनासं होतं. हातातले हुक किड्याच्या अंगात रुततात, सुटतात, पुन्हा रुततात. किडा पूर्ण दिसतो तो नंतर. हार्कोनेन या पॉलच्या शत्रू घराण्याच्या ग्रहावरचं आखाड्याचं दृश्य इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं टिपलंय. काळ्या सूर्याखाली माणसांची कातडी मेणासारखी पांढरी दिसते, आणि त्या घराण्याचा वारस फेड-राउथा (ऑस्टिन बटलर) तिथं खरंच भीती घालतो. ऑस्कर पहिल्याला सहा आणि दुसऱ्याला दोन मिळाले, पण त्या आकड्यांवरून निवड करू नका.

माझं मत दुसऱ्याकडे झुकतं ते चानीमुळे, म्हणजे झेंडायानं केलेल्या पॉलच्या फ्रेमेन प्रेयसीमुळे. पहिल्या भागात ती बहुतेक पॉलच्या स्वप्नातच दिसते. दुसऱ्यात ती गोष्टीचा कणा होते. स्टिलगारला प्रत्येक गोष्टीत भविष्यवाणी खरी होताना दिसते. पॉल म्हणतो मी तुमचा तारणहार नाही, तर हा म्हणतो, बघा किती नम्र, म्हणजे तोच तारणहार! स्टिलगार झालेला हाविएर बार्डेम हे इतकं प्रेमळपणे करतो की आधी हसू येतं, पुढं तेच हसू घशात अडकतं. चानीला मात्र ठाऊक आहे की ही भविष्यवाणी बाहेरच्यांनी मुद्दाम पेरलेली आहे. प्रियकरावर जीव असूनही ती गुडघे टेकत नाही. कादंबरीतली चानी अशी विरोधात उभी राहत नाही. हा बदल व्हिलनवनं केला आणि माझ्या मते त्यानं सिनेमा मोठा केला. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात वाढलेल्या प्रेक्षकाला चानीची ही बाजू लगेच जवळची वाटेल.

दुसऱ्यात उणिवाही आहेत. सम्राट फिका वाटतो, आणि इतक्या तयारीनंतर शेवटची लढाई फार झटपट आटोपते. पहिल्याचा शेवट तर मधेच तोडल्यासारखा आहे. लागोपाठ दोन रात्री बघितलं तर ते टोचत नाही.

पडद्याचं म्हणाल, तर पहिला भाग घरच्या टीव्हीवर, दिवे मालवून, नीट बघता येतो. दुसरा सबंध आयमॅक्ससाठी, म्हणजे खास महाकाय पडद्यासाठी, चित्रित झालाय. पुन्हा कुठं लागला तर पुण्यापर्यंत जायची तयारी ठेवा. तोवर घरी बघायचा झाला तर निदान हेडफोन लावा. घरच्या वडीलधाऱ्यांसोबत बसणार असाल तर दुसऱ्याचं हिंदी डबिंग सोयीचं. एकटे असाल तर इंग्रजीच घ्या, कारण समोरच्याला हुकूम मानायला भाग पाडणारा पॉलच्या आईचा तो ‘आवाज’ मूळ साउंडमध्येच ऐकण्यासारखा आहे.

2021 मध्ये पहिला पाहून विसरलेल्यांनी त्याचा शेवटचा पाऊण तास पुन्हा पाहावा आणि दुसऱ्याकडे जावं. ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांनी पहिल्यापासूनच सुरुवात करावी, आणि निदान पॉलच्या घराण्यावर होणाऱ्या मध्यरात्रीच्या हल्ल्यापर्यंत तरी उठू नये. तिथून तो सिनेमा धरून ठेवतो. तिसरा भाग हर्बर्टच्या 1969 च्या पुढच्या कादंबरीवर बेतलाय. तारणहार झालेल्या पॉलनं काय करून ठेवलं, हा तिचा विषय आहे, आणि दुसऱ्याच्या शेवटी एकटी निघून गेलेली चानी त्या गोष्टीत कुठं उभी राहते, हे बघायला मी पहिल्याच दिवसाचं तिकीट काढणार आहे.