एक्सल वाजतोय: नुसता बूट, जॉइंट की अख्खा एक्सल?

पार्किंगमधून गाडी काढताना, भिंतीला लागून वळलं की पुढच्या चाकापाशी कट-कट-कट असा आवाज येतो. वळण संपलं की आवाज बंद. सरळ रस्त्यावर गाडी अगदी शांत. ही गोष्ट ओळखीची वाटत असेल तर पुढचं वाचा. आता तुम्हाला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. बदलायचं काय, सांध्यावरचं रबरी आवरण म्हणजे फक्त बूट, चाकाकडचा सांधा म्हणजे बाहेरचा जॉइंट, की गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा पूर्ण शाफ्ट म्हणजे एक्सल? आणि ते काम घरी करायचं की गॅरेजात?

माझं मत आधीच सांगतो. दोष शोधण्याचं काम प्रत्येकाने घरीच करावं, त्याला टॉर्च, जॅक आणि अर्धा तास पुरतो. दुरुस्ती मात्र तुमच्याकडे सपाट जागा आणि मोठा नट सोडवायची सोय असेल तरच घरी करा.

आत काय असतं

पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात मेकॅनिक ‘क्रॉस गेला’ म्हणायचे. त्या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना जायची आणि मधल्या लांब शाफ्टच्या टोकांना क्रॉस, म्हणजे अधिक-चिन्हासारखे सांधे, असायचे. बोलेरोसारख्या गाड्यांत आजही तसंच आहे, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घराघरात पोचली. पुढचं चाक गाडी ओढतं आणि वळतंही. एवढ्या कोनात साधा क्रॉस लावला तर दर फेऱ्यात चाकाचा वेग कमी-जास्त होईल. म्हणून तिथे सीव्ही जॉइंट असतो, म्हणजे कोनातही चाकाचा वेग एकसारखा ठेवणारा सांधा. हाच बाहेरचा जॉइंट. पोलादी कप, आत खाचा, खाचांत सहा गोळ्या आणि त्यांना जागेवर धरणारा पिंजरा. गिअरबॉक्सच्या बाजूला आतला जॉइंट असतो. बहुतेक लहान गाड्यांत तो तीन रोलरचा, म्हणजे ट्रायपॉड असतो आणि चाक वर-खाली होताना तो आत-बाहेर सरकतो. दोन्हींवर रबराचा घडीदार बूट आणि त्यात ग्रीस.

गाडी सरळ चालताना गोळ्या खाचेत जवळपास एकाच जागी असतात. वळताना त्या खाचेतून पुढे-मागे धावतात. खाचेत झिजून खळगा पडला असेल तर गोळी त्यावरून जाताना आपटते, तोच तुमचा ‘कट’. म्हणून आवाज वळणावरच येतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की जास्त येतो.

आवाजावरून काय ओळखता येतं

मोकळं मैदान शोधा. काचा खाली, रेडिओ आणि एसी बंद. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फेऱ्या मारा, मध्ये थोडा पाय दाबा. मग डावीकडे. मग रिव्हर्समध्ये दोन्हीकडे. भिंतीलगत वळलात तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो.

उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो, त्यामुळे तेव्हा कट-कट आली तर बहुधा डावा बाहेरचा जॉइंट, आणि डावीकडे वळताना आली तर उजवा. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण फार झिजलेला जॉइंट दोन्हीकडे वाजतो. फक्त कानावर भरवसा ठेवून पार्ट आणू नका.

आतला जॉइंट गेला असेल तर लक्षण वेगळं. पाय दाबल्यावर स्टेअरिंगपेक्षा सीटखालून थरथर येते आणि पाय काढला की जाते. कधी गाडी जागेवरून निघताना किंवा रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये टाकताना एक ‘ठक्’.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती बेअरिंगशी. बेअरिंग कटकटत नाही, घोंघावतं. वेगाबरोबर आवाज चढतो, पाय दाबा किंवा सोडा, फरक पडत नाही. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे केलं की त्या घोंघावण्याचा सूर बदलतो. आणि आवाज फक्त खड्ड्यात येत असेल तर एक्सलला हात लावू नका. लिंक रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश आणि शॉकअब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग आधी बघा. एक्सल खड्ड्यामुळे नाही, वळणामुळे वाजतो.

आता टॉर्च घ्या. चाक पूर्ण वळवलं की मागून बाहेरचा बूट दिसतो. घड्यांच्या खोबणीत बोट फिरवा, चीर तिथेच पडते. बूट फाटला असेल तर तो शोधावाच लागत नाही. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला आणि ब्रेक कॅलिपरवर काळ्या ग्रीसचे फराटे असतात, कारण फिरता शाफ्ट ग्रीस गोल भिरकावत असतो. आमच्या गाडीत मला हे पहिल्यांदा ऑगस्टमध्ये, कोकणातून ताम्हिणीमार्गे परतल्यावर दिसलं. पुसलं तर फडक्यावर काळ्या ग्रीसमध्ये तांबडी माती मिसळलेली, बोटांत चोळली तर कचकच लागली. ती कचकच गोळ्यांच्या खाचांत फिरत होती.

फाटलाय, पण वाजत नाही: बूट

ही सगळ्यात स्वस्त पायरी आहे आणि तीच बहुतेक जण घालवतात. बूट किट काही शेकड्यांत येतं, जॉइंट हजारांत. आवाज सुरू व्हायच्या आत चीर सापडली, ग्रीस अजून स्वच्छ असेल, तर जॉइंट उघडा, डिझेल किंवा रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा, गोळ्या आणि खाचा निरखा. खाच एकसारखी चकचकीत असेल तर चांगली. नखाला अडकणारा खळगा असेल तर जॉइंट गेला.

ग्रीस किटमधलंच भरा, पाकिटात असेल तेवढं सगळं. गोळ्यांच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस लागतं. चेसिसचं पिवळं ग्रीस तिथे टिकत नाही. आणि वाजणाऱ्या जॉइंटमध्ये नवं ग्रीस आणि नवा बूट घालून काही साधत नाही. एका गॅरेजने आमच्या गाडीला एकदा तेच केलं, तीन आठवडे गाडी शांत होती, मग पुन्हा तेच. पोलादात पडलेला खळगा ग्रीसने भरत नाही.

बाजारात उभी चीर असलेले, चिकटवायचे बूटही मिळतात. एक्सल न काढता बसतात हा मोह मोठा आहे. लांबच्या प्रवासात अडकलात तर घरी पोचेपर्यंत लावा, त्यापलीकडे नको. चिकटवलेल्या सांध्याला जरा तेलकट हात लागला की तो उघडतो.

वाजतोय: जॉइंट की पूर्ण एक्सल?

खरी तुलना इथे आहे. दुकानदार बहुतेकदा पूर्ण एक्सल सुचवतो आणि त्यात एक सोय खरीच आहे. जुना उपसायचा, नवा घालायचा. जॉइंट ठोकून काढणं नाही, ग्रीसमध्ये हात नाहीत, नवे बूट लावूनच येतात.

पण पूर्ण एक्सल काढायचा म्हणजे आतलं टोक गिअरबॉक्समधून उपसायचं. तिथून गिअर ऑइल सांडतं, ऑइल सील बदलावं लागतं, टोकाची सर्कलिप, म्हणजे अडकवून ठेवणारी पोलादी कडी, नवी लागते, आणि शेवटी ऑइलची पातळी भरून तपासावी लागते. नवी सील जरा वाकडी बसली तर एक दुरुस्ती संपून दुसरी सुरू होते.

बाहेरचा जॉइंट तेवढाच बदलायचा असेल तर बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स उघडावाच लागत नाही. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवायचा, चाकाचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर ओढायचं, एक्सलचं टोक मोकळं करायचं आणि जॉइंट तिथेच ठोकून काढायचा. पितळी किंवा मऊ धातूचा तुकडा आतल्या रेसवर (गोळ्या ज्यावर फिरतात ती आतली कडी) टेकवून एक नेमका ठोसा. आतली सर्कलिप सुटते आणि जॉइंट हातात येतो. सांभाळायची गोष्ट एकच, शाफ्ट बाहेर ओढू नका आणि लोंबकळूही देऊ नका. ओढला तर आतला ट्रायपॉड कपातून निसटतो. तारेने वर बांधून ठेवा.

म्हणून आवाज फक्त बाहेरच्या जॉइंटचा असेल, आतला बूट धडधाकट असेल, तर मी जॉइंटच निवडतो. गाडीबरोबर आलेला मूळ शाफ्ट आणि न वाजणारा आतला जॉइंट फेकून अनोळखी बनावटीचा स्वस्त एक्सल घालण्यात मला फायदा दिसत नाही. दोन्ही जॉइंट गेले असतील, किंवा शाफ्टच्या टोकावरच्या आट्या, म्हणजे उभ्या खाचा (स्प्लाइन), गंजून खराब असतील, तेव्हा पूर्ण एक्सल घ्या. कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत भंगारातल्या गाडीचा मूळ एक्सलही मिळतो. तो घेताना दोन्ही टोकं हातात धरून उलटसुलट पिळा. बाहेरच्या जॉइंटला ठळक खेळ नको. आतल्याला थोडा सरकता खेळ असतोच.

दुकानात जाताना गाडीचा चासी नंबर आणि जुना जॉइंट दोन्ही न्या. पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक यांत आट्यांची संख्या वेगळी असू शकते. एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत जॉइंटवर दात्यांची रिंग असते. बिनरिंगचा जॉइंट बसतो व्यवस्थित, पण एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

घरी की गॅरेजात?

निर्णय एका नटावर येतो, हबच्या मधोमध असलेल्या एक्सल नटावर. बहुतेक लहान गाड्यांत तो १५० ते २५० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. एक मीटर पाईपच्या टोकाला २० किलोचा जोर लावला की साधारण २०० न्यूटन-मीटर होतात, आणि वर्षानुवर्षं पाऊस खाल्लेला नट सुटायला त्याहून जास्त मागतो. गाडी चाकांवर उभी असतानाच, ब्रेकवर कुणाला तरी बसवून, आधी नटाची दुमडलेली कड छन्नीने उघडा आणि मग नट सैल करा. हे पाऊल गाडी जॅकवर असताना कधीच नको. त्या धक्क्याने गाडी खाली येते.

पुढचं चाक उचलल्यावर गाडी गिअरमध्ये असली तरी धरत नाही. उचललेलं चाक मोकळं फिरतं. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि जॅकच्या भरवशावर काम न करता खाली घोडी (जॅक स्टँड) द्या.

बांधताना नट नवाच. गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा आणि कड पुन्हा दुमडा. तो नट सैल असताना गाडी चाकांवर उभी करून ढकलू नका, बेअरिंग जातं. शेवटचं आवळणं मात्र चाक जमिनीवर टेकवून, ब्रेक दाबून.

टॉर्क पाना नाही, जागा उताराची आहे, किंवा मदतीला कुणी नाही, तर गॅरेजात द्या. द्यायची असेल तरी तुमचं निदान बरोबर न्या: ‘डावा बाहेरचा जॉइंट, आतला नाही, गिअरबॉक्स उघडू नका.’ जुना जॉइंट परत मागा. आणि हब काढताना शॉकअब्सॉर्बरचे दोन बोल्ट सोडवले का, हे विचारा. सोडवले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. बॉल जॉइंटकडून काम केलं असेल तर त्याची गरज सहसा पडत नाही.

थोडं चालल्यावर चाक वळवून नवा बूट आवळून धरणाऱ्या दोन्ही पट्ट्यांवर बोट फिरवा. कोरडं लागलं तर झालं. ओलसर काळं आलं तर पट्टी ढिली आहे, तेव्हाच आवळून घ्या.